सरकारी कंपन्यांचे शेअर्स : आपल्या वाट्याचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर शिक्षण, आरोग्य, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर व्याख्याने झाली. शेअर्सचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. एकाला तो जुगार वाटतो, दुसऱ्याला एका रात्रीत श्रीमंत होण्याचा मार्ग वाटतो. मी या दोघांसाठी बोलायला उभा नाही. ज्यांच्या घरात पूर्वी घेतलेले शेअर्स आहेत, पण ते आज किती आहेत हे कुणाला सांगता येत नाही, अशा कुटुंबांसाठी मी बोलणार आहे. अशी कुटुंबे आपल्यात बरीच आहेत. आपल्या वडीलधाऱ्यांची एक संपूर्ण पिढी तेलशुद्धीकरण कारखाने, टेलिफोन, बँका, बंदर, खत कारखाना अशा सरकारी आस्थापनांत नोकरीला लागली. सरकारने या कंपन्यांतील आपला हिस्सा विकायला काढला, तेव्हा कुणी कर्मचारी म्हणून तर कुणी सामान्य अर्जदार म्हणून दहा-वीस-पन्नास शेअर्स घेतले. पुढे माणूस निवृत्त झाला, घर बदलले, काही जण गेले. कागद मात्र ट्रंकेत राहिले.

शेअरबाजार हा आपला प्रांत नव्हे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९१७ साली परदेशातून परत आल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली होती, आणि सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येणे बंद झाले, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे. तेव्हा प्रांत आपलाच होता. दार दुसऱ्यांनी लावले होते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. सरकारी कंपनी खासगी मालकाकडे गेली की तेथील नोकरभरतीतील आरक्षण संपते. म्हणून खासगीकरणाबद्दल आपल्या समाजात जो राग आहे तो मला समजतो आणि बऱ्याच अंशी मान्यही आहे. पण त्या रागापोटी घरातले कागद वाऱ्यावर सोडले तर नुकसान आपलेच होते. धोरणाचा वाद वेगळा आणि आपल्या वडिलांच्या नावावरची मालमत्ता वेगळी.

आता मूळ विषयाकडे येतो. ‘निर्गुंतवणूक’ आणि ‘खासगीकरण’ हे दोन शब्द आपण सरसकट वापरतो. सरकारने काही टक्के शेअर्स जनतेला विकले, पण कारभार स्वतःकडे ठेवला, तर ती निर्गुंतवणूक. कारभारच दुसऱ्याकडे दिला तर ते खासगीकरण. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ, म्हणजे ओएनजीसी, हे पहिल्या प्रकारातले उदाहरण. विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, हे दुसऱ्या प्रकारातले. हिशेबाची रीत दोन्हीकडे एकच आहे.

ओएनजीसी आपल्याला जवळची. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले, उरणला प्रकल्प उभा राहिला आणि या कंपनीचे नाव रायगड-मुंबईच्या घराघरात पोहोचले. १९९३ साली महामंडळाची कंपनी झाली. त्यानंतर सरकारने सुमारे दोन टक्के हिस्सा विकला आणि पुढे कर्मचाऱ्यांनाही शेअर्स देण्यात आले. सामान्य माणसाच्या हाती ते मोठ्या प्रमाणात आले मार्च २००४ मध्ये. सरकारने त्या वेळी दहा टक्के हिस्सा, म्हणजे सुमारे १४ कोटी २६ लाख शेअर्स, विक्रीला काढले. भाव ठरला ७५० रुपये. शेअरची दर्शनी किंमत दहा रुपये होती.

समजा, त्या वेळी एकाला दहा शेअर्स मिळाले. आज ते किती असतील?

२००६ साली कंपनीने बोनस दिला, प्रमाण १:२. हे प्रमाण वाचण्यात फार चुका होतात. पहिला आकडा नव्याने मिळणाऱ्या शेअर्सचा आणि दुसरा हाती असलेल्यांचा. १:२ म्हणजे हाती असलेल्या दर दोन शेअर्समागे एक नवा. एकाचे दोन असा अर्थ पुष्कळ लोक घेतात, तो चुकीचा. तेव्हा दहाचे पंधरा झाले. २०११ साली दोन गोष्टी एकदम झाल्या. दहा रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे पाच रुपयांच्या दोन शेअर्समध्ये विभाजन झाले, आणि शिवाय १:१ बोनस मिळाला. पंधराचे विभाजनाने तीस आणि बोनसने साठ. २०१६ साली पुन्हा १:२ बोनस, म्हणजे साठावर तीस. दहाचे नव्वद झाले.

हे ऐकून समोरच्या काही चेहऱ्यांवर जो आनंद दिसतो आहे, तो थोडा आवरा. कंपनीचे एकूण शेअर्स २००४ साली सुमारे १४२ कोटी ५९ लाख होते. २०१६ च्या बोनसनंतर ते सुमारे १,२८३ कोटी झाले. भागून पाहा, बरोबर नऊपट. तुमचे दहाचे नव्वद झाले तसे सगळ्यांचेच झाले. भाकरीचे चार तुकडे केले काय आणि आठ केले काय, पीठ तेवढेच. कंपनीने वर्षानुवर्षांच्या नफ्यातून जो राखीव निधी साठवलेला असतो, त्यातील काही रक्कम भागभांडवलात वर्ग होते आणि तिच्याबदली भागधारकांना नवे शेअर्स मिळतात. हा बोनस. पगाराबरोबर दिवाळीला मिळतो तो बोनस वेगळा. बोनसनंतर बाजारातला भाव त्या प्रमाणात खाली येतो.

मग हिशेब करायचा कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर एका घटनेतून देतो.

आमच्या वस्तीतील एका भगिनीच्या यजमानांनी २००४ च्या विक्रीत तीस शेअर्स घेतले होते. यजमान वारले. बँकेचे ते खाते बंद झाले, पत्ता बदलला, लाभांश परत जाऊ लागला. घरात उरले होते डीमॅट खात्याचे २००५ सालचे एक पत्रक, त्यावर आकडा तीस. एक मध्यस्थ घरी आला. म्हणाला, ताई, हे तीस शेअर्स सरकारजमा झाले आहेत, सोडवून आणणे कठीण काम आहे, तुम्ही फक्त सह्या करा, मी तुम्हाला तीस शेअर्सची आजच्या भावाने रक्कम देतो, उरलेली कटकट माझी. भगिनीला ते उपकारच वाटले. तिचा मुलगा बारावीत होता. तो कागद घेऊन आमच्याकडे आला आणि आम्ही दोघांनी वहीत आकडे मांडले. तीस, पंचेचाळीस, नव्वद, एकशे ऐंशी, दोनशे सत्तर. म्हणजे त्या माणसाच्या ‘कटकटी’चे मोल दोनशे चाळीस शेअर्स होते. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, हे तर आठवीचे गणित आहे.”

आठवीचेच आहे. म्हणून विद्यार्थ्यांना मुद्दाम बोलावले.

हा हिशेब नुसता नऊने गुणून करू नये. तीस शेअर्सना नऊने गुणले तर उत्तर बरोबर येते, पण पंचवीस असतील तर येत नाही. पंचवीसला १:२ बोनस म्हणजे साडेबारा. अर्धा शेअर कुणाच्या नावावर चढत नाही. असे सगळ्यांचे अपूर्णांक एकत्र करून, ते शेअर्स विकून ज्याच्या त्याच्या वाट्याची रक्कम रोखीने देण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. तेव्हा बोनस धरायचा बारा. पंचवीसचे सदतीस, विभाजनाने चौऱ्याहत्तर, बोनसने एकशे अठ्ठेचाळीस आणि शेवटी दोनशे बावीस. नऊने गुणणारा दोनशे पंचवीस म्हणेल आणि तीन शेअर्स कुणी खाल्ले म्हणून भांडत बसेल. कुणीही खाल्लेले नाहीत. प्रत्येक घटना तिच्या सालाप्रमाणे, एकामागून एक घ्यायची आणि जेथे अपूर्णांक येईल तेथेच तो सोडायचा.

सुरुवात कोठून करायची, हेही महत्त्वाचे. अर्जाच्या प्रतीवरून कधीही करू नका. मागणी जास्त असली तर अर्ज केला तेवढे शेअर्स मिळत नाहीत. कुणाला कमी मिळतात, कुणाला सोडतीत एकही मिळत नाही आणि पैसे परत येतात. घरात अर्जाची पावती सापडली म्हणजे शेअर्स आहेत असे नव्हे. वाटपपत्र, शेअर प्रमाणपत्र किंवा डीमॅट खात्याचे पत्रक पाहिजे. मिळालेला भावही प्रत्येकाचा सारखा नसतो. २०१० साली कोल इंडियाचा भाव २४५ रुपये ठरला, पण किरकोळ गुंतवणूकदार आणि कर्मचारी यांना पाच टक्के सूट होती, त्यांना तो २३२ रुपये ७५ पैशांना पडला. २०२२ साली आयुर्विमा महामंडळाचा भाव ९४९ रुपये होता. विमेदारांना त्यात ६० रुपये सूट आणि किरकोळ गुंतवणूकदार व कर्मचाऱ्यांना ४५ रुपये. विकताना कर भरायचा तेव्हा हे आकडे लागतात. त्या वेळी शोधाशोध करण्यापेक्षा कागद जपणे सोपे.

मधल्या काळात वडिलांनी काही शेअर्स विकले होते का, हेही तपासा. ओएनजीसीने २०१९ च्या सुरुवातीला १५९ रुपये दराने सुमारे २५ कोटी शेअर्स भागधारकांकडून परत विकत घेतले. ज्यांनी त्यात शेअर्स दिले त्यांचा आकडा तेवढ्याने कमी होणार. दिले नसतील तर आकडा तोच राहतो.

आता खऱ्या खासगीकरणाकडे वळतो. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकारने व्हीएसएनएलमधील २५ टक्के हिस्सा टाटा समूहाला दर शेअरला २०२ रुपये दराने विकला आणि कारभारही दिला. २००८ साली कंपनीचे नाव बदलून टाटा कम्युनिकेशन्स झाले. जुन्या प्रमाणपत्रावर विदेश संचार निगम हे नाव पाहून ‘ही कंपनी आता नाही, कागद रद्दी’ असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. नाव बदलल्याने शेअर रद्द होत नाही.

या कंपनीची पुढची कहाणी अधिक शिकवणारी आहे. व्हीएसएनएलकडे बरीच जादा जमीन होती. आपल्या पुण्याजवळ दिघीला, तसेच दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे. विक्रीच्या वेळी ही जमीन व्यवहारातून बाजूला ठेवण्याचे ठरले होते. ती वेगळी काढायला पुढे सोळा-सतरा वर्षे लागली. हेमिस्फिअर प्रॉपर्टीज इंडिया या वेगळ्या कंपनीकडे ती गेली, आणि २०१८ च्या नोंदणी तारखेला ज्यांच्या नावावर टाटा कम्युनिकेशन्सचे शेअर्स होते त्यांना दर शेअरमागे हेमिस्फिअरचा एक शेअर मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये तो बाजारात नोंदला गेला. म्हणजे ज्या घरात व्हीएसएनएलचे शंभर शेअर्स त्या तारखेपर्यंत तसेच राहिले, त्या घराच्या नावावर आणखी एका कंपनीचे शंभर शेअर्स आहेत, ज्या कंपनीचे नाव त्या घराने बहुधा ऐकलेले नाही. हा बोनस नव्हे. पण हिशेबात धरला नाही तर तोटा बोनस विसरण्याइतकाच.

हिंदुस्थान झिंकचे उदाहरण लहान आहे, चटकन सांगतो. २००२ साली सरकारने २६ टक्के हिस्सा स्टरलाइटला विकला. २०११ साली दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांच्या पाच शेअर्समध्ये विभाजन आणि त्यावर १:१ बोनस. एकाचे दहा.

इंग्लंडमध्ये नातेवाईक असलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. तेथे नोव्हेंबर १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा १३० पेन्स भावाने विकला गेला, पैसे हप्त्यांनी घेतले गेले, आणि सुरुवातीला घेतलेले शेअर्स तीन वर्षे न विकता ठेवणाऱ्याला दर दहामागे एक बोनस शेअर ठरावीक मर्यादेपर्यंत मिळाला. तो बोनस थांबून राहिल्याबद्दलचा होता. मध्येच विकणाऱ्याला तो नव्हता, आणि बाजारातून नंतर घेणाऱ्यालाही नव्हता. आपल्याकडे २०१४ साली सरकारी कंपन्यांच्या शेअर्सचा जो एकत्रित फंड निघाला, त्यात किरकोळ गुंतवणूकदाराने वर्षभर थांबल्यास दर पंधरा युनिटमागे एक जादा देण्याची अशीच योजना होती. ओएनजीसीचा बोनस या जातीचा नव्हे. नोंदणी तारखेला ज्याच्या नावावर शेअर असेल त्याला तो मिळतो, मग त्याने तो २००४ साली घेतलेला असो की आदल्या महिन्यात.

आकडा निघाल्यावर पुढे काय? सलग सात वर्षे लाभांश कुणी घेतला नाही तर, २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार, ते शेअर्स केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. वर्ग होतात म्हणजे बुडतात असे नाही. मालक किंवा वारस ते परत मागू शकतो. त्यावर नंतर मिळालेला बोनस आणि लाभांशही निधीकडे त्याच नावाने जमा होत असतो. मागणीचा अर्ज संगणकावर भरावा लागतो, कागदपत्रे कंपनीकडे पडताळणीसाठी जातात, आणि निधीचे प्राधिकरण त्यासाठी शुल्क घेत नाही. वेळ लागतो, हे मात्र खरे. पॅन, आधार, बँक खाते आणि प्रमाणपत्र यांवरील नावांत एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडतो. आपल्या लोकांच्या बाबतीत हे फार घडते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, नोकरीत दुसरे, कुठे आडनाव गावावरून तर कुठे वडिलांच्या नावावरून. ही दुरुस्ती आधी करून घ्या.

कागदी प्रमाणपत्रे अजून ज्यांच्याकडे आहेत त्यांनीही हालचाल करावी. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्सची सर्वसाधारण विक्री-हस्तांतरणे बंद झाली आहेत. वारसाच्या नावे करून घेता येतात, पण पुढे ते डीमॅट खात्यातच घ्यावे लागतात.

नामनिर्देशनाबद्दल घराघरात गैरसमज आहे. नाव माझे लावले आहे, म्हणून सगळे माझे, असे एक भाऊ म्हणतो आणि बहिणींना काही मिळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की शेअर्सच्या बाबतीतही नामनिर्देशित व्यक्ती ही मालक ठरत नाही. वारसाहक्क वारसाच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. बहिणींनी हे वाक्य लिहून घ्यावे. भावांनीही घ्यावे.

शेवटी कराबद्दल थोडे. दहा शेअर्सचे नव्वद झाले आणि मूळ खर्च साडेसात हजार, म्हणून सरासरी त्र्याऐंशी रुपये, असा हिशेब लोक मांडतात. स्वतःच्या समजुतीसाठी ठीक आहे. कायद्याची रीत वेगळी आहे. मूळ दहा शेअर्सचे विभाजनाने वीस झाले. साडेसात हजारांचा खर्च त्या विसांवर बसतो, म्हणजे दर शेअरला ३७५ रुपये. उरलेले सत्तर बोनसचे, त्यांचा खर्च शून्य. ऐकायला हे अन्यायाचे वाटते, पण एक सवलत आहे. नोंदलेले जे शेअर्स ३१ जानेवारी २०१८ पर्यंत हाती आले होते, त्यांच्यासाठी त्या दिवशीचा बाजारातील सर्वाधिक भाव विचारात घेता येतो. तो भाव आणि विक्रीचा भाव यांपैकी जो कमी असेल तो घ्यायचा, आणि प्रत्यक्ष खर्चाशी ताडून जो जास्त असेल तो खर्च मानायचा. ओएनजीसीचे तिन्ही बोनस त्या तारखेच्या आधीचे आहेत. म्हणून शून्य खर्च धरून कर भरणारा माणूस गरज नसताना जास्त कर भरतो. २३ जुलै २०२४ पासून या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर दर साडेबारा टक्के आणि सूट वर्षाला सव्वा लाखापर्यंत, अशी रचना झाली. वारसाने विकले तर मूळ मालकाचा खर्च आणि त्याची खरेदीची तारीख हीच वारसाची धरली जाते. म्हणूनच ते जुने वाटपपत्र फेकू नका. विवरणपत्र मात्र जाणकाराकडून भरून घ्या.

त्या भगिनीने मध्यस्थाला सह्या दिल्या नाहीत. मुलाने स्वतः अर्ज भरला. वडिलांच्या नावातील एका अक्षरासाठी तो एकदा परत आला, मग दुरुस्त करून पुन्हा भरला.

विद्यार्थी मित्रहो, आता वह्या काढा. २००४ साली एकाला ओएनजीसीचे पस्तीस शेअर्स मिळाले. त्याने मध्ये काहीही विकले नाही. २०१६ च्या बोनसनंतर त्याच्या खात्यावर किती? ज्यांचे उत्तर तीनशे पंधरा येईल त्यांनी अपूर्णांक कोठे सोडायचा ते पुन्हा पाहावे. बरोबर उत्तर तीनशे बारा आहे. ते कसे येते हे एकाने फळ्यावर येऊन दाखवावे, आणि ज्यांनी घरचे कागद आणले आहेत त्यांनी पुढच्या बाकांवर यावे.